खेळायला मुलं आली की आमच्याकडे रडारडच होते!

"मॅडम, मी मुद्दाम याच्या मित्रांना घरी बोलावते. खाऊ, खेळ, बक्षिसं, सगळं करते. आणि दर वेळी आमचाच मुलगा आरडाओरडा करून खेळ मोडतो. उद्या ही मुलं याच्याकडे यायलाच नको म्हणाली तर?"

मुलुंडहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा सहा वर्षांचा, एकुलता एक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) 'हट्टी आहे', 'हरणं सहनच होत नाही' अशा तक्रारी माझ्याकडे सतत येतात. मुलाबद्दल मत बनवण्याआधी मी पालकांना एवढंच म्हणते, की मागच्या वेळी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा.

तिने सांगितलं. वन बीएचकेचा हॉल, नऊ मुलं, वेळ चार ते सात. आल्या आल्या सगळी खेळणी बाहेर निघाली. मग संगीत खुर्ची. तिचा मुलगा दुसऱ्याच फेरीत बाद झाला आणि सोफ्यावर जाऊन बसला. बाकीची मुलं त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्च्यांभोवती हसत-खिदळत फिरत होती. दोन-तीन फेऱ्या त्याने बघितलं आणि मग उठून एक खुर्ची ओढून घेतली. "आणि मी सगळ्यांसमोर ओरडले," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

मला या मुलात काही बिघडलेलं दिसलं नाही. बिघडली होती ती खेळाची मांडणी. बाद करत जाणाऱ्या खेळात ज्या मुलाला सरावाची सर्वांत जास्त गरज असते, तेच आधी बाहेर पडतं आणि सर्वांत कमी खेळतं. सहा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं नुसतं बसून दुसऱ्यांची मजा बघायला सांगणं ही फार मोठी अपेक्षा आहे.

आम्ही दोघींनी मिळून पुढची संध्याकाळ नव्याने आखली. नऊऐवजी चार मुलं आणि वेळ दीड तासच. त्याचं सगळ्यात लाडकं खेळणं त्यानेच आधी कपाटात ठेवायचं, म्हणजे त्यावरून ओढाताण नको. पावसाचे दिवस होते, शिवाय खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार नको, म्हणून धावाधाव टाळणारे खेळ निवडले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, गाणं थांबलं की सगळ्यांनी त्यावर उभं राहायचं, आणि दर फेरीला कागदाची घडी घालून तो निम्मा करायचा. बाद कोणीच नाही. कागद लहान होत जातो तसा एकमेकांना धरून तोल सांभाळावा लागतो. 'शिवाजी म्हणतो'मध्येही एवढाच बदल केला: जो चुकेल, तो पुढचा हुकूम देणार.

पाऊस उघडला तर खाली पार्किंगमध्ये विषामृत. हा खेळ मला फार मोलाचा वाटतो. 'विष' मिळालेलं मूल जागच्या जागी थांबतं, पण गड्याने येऊन 'अमृत' दिलं की पुन्हा पळतं. थांबावं लागणं तात्पुरतं आहे आणि आपल्याला सोडवायला कोणीतरी येतं, हे मूल पळता पळता अनुभवतं. शेजारची तीन वर्षांची मुलगीही येणार होती, तिला कच्चा लिंबू करायचं ठरलं. आईने विचारलं, "मग आमच्यालाच कच्चा लिंबू केलं तर?" मी नको म्हटलं. बरोबरीच्या मुलांत अशी सवलत मिळाली की सहा वर्षांच्या मुलाला ती बोचते.

एखादं मूल कडेला उभं राहून नुसतं बघत राहिलं, तर त्याला हाताला धरून ओढू नका, हेही सांगितलं. लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने 1932 मध्ये जे प्रकार मांडले, त्यात असं बघत राहणं हाही एक प्रकार आहे. बघून झालं की बरीच मुलं आपण होऊन खेळात शिरतात.

दुसरं काम घरातलं होतं. बोलता बोलता कळलं, की बाबा रोज मुद्दाम हरतात! प्रेमापोटीच, पण त्यामुळे हरण्याशी त्याची पहिली गाठ पडत होती ती थेट मित्रांसमोर. म्हणून रोज रात्री सापशिडीचा एक डाव, कोणीही मुद्दाम न हरता. सापशिडीत सगळं फाशावर असतं, हुशारीचा प्रश्नच येत नाही. आपली सोंगटी सापाने गिळली की बाबांनी मोठ्याने म्हणायचं, "अरेरे, राग आला मला! चला, टाका पुढचं दान." राग आला तरी खेळ चालू ठेवता येतो, हे मुलाने आधी मोठ्यांमध्ये बघायला हवं.

मात्र शाळेत, घरी, बागेत, सगळीकडेच मूल महिनोन् महिने मारत असेल किंवा इतर मुलांकडे लक्षच देत नसेल, तर हे खेळ पुरे पडणार नाहीत. बालरोगतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञांना लवकर दाखवा.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. वर्तमानपत्राच्या खेळात तो एकदा रडला होता, पण खेळ मोडला नाही. विषामृतात त्याला राज्य घ्यायचंच नसतं, सोडवायला धावायचं असतं. संगीत खुर्चीला तो अजून नाही म्हणतो, आणि तिनेही आग्रह केलेला नाही.