घरात चार वर्षांची लॅब्रॅडॉर मादी आहे. दुसरा कुत्रा नर आणावा की मादी?

नर आणा. एकाच घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांवर जे अभ्यास झाले आहेत, त्यांत समान लिंगाच्या जोड्या जास्त दिसतात, आणि त्यातही दोन माद्यांची भांडणं वारंवार होतात, लवकर मिटत नाहीत. दोन नर बऱ्याचदा नुसते गुरगुरून मोकळे होतात. मात्र तुमच्या मादीची नसबंदी झालेली नसेल तर आधी ती उरका. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, ते दिवस दोन-तीन आठवडे चालतात, आणि तेवढा काळ फ्लॅटमध्ये दोघांना वेगळं ठेवणं म्हणजे दार ओरबाडणं, रात्रभर रडणं, शेजाऱ्यांच्या तक्रारी. पिल्लू आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सहा-सात महिन्यांचा नरही पिल्लं देऊ शकतो. नराची नसबंदी केली तरी पुढचे काही आठवडे धोका राहतोच. एवढं करूनही लिंगापेक्षा स्वभाव वरचढ ठरतो: तुमची मादी खाण्याच्या भांड्याजवळ कुणाला फिरकू देत नसेल, तर नर आणूनही कटकट होईल. पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागेत घडवा आणि जेवण कायम वेगवेगळ्या खोल्यांत द्या.