मधमाशी चावल्यावर एवढी सूज काहून येते? चुना लावल्यानं उतरते का?

तुम्ही विचारलंय की एवढ्याशा माशीच्या विषात असं काय असतं की हात कोपरापर्यंत सुजतो, आणि चुना लावला की आतलं आम्ल मरतं हे खरं आहे का. मी बायोकेमिस्ट्री शिकलोय, यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, घरची शेती आहे, त्यामुळं हा प्रश्न दर सीझनला कोणी ना कोणी विचारतंच. चुन्याचं आधी सांगतो, कारण आपल्याकडे लोकांचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. चुन्यानं काही होत नाही.

विष थोडं आम्लधर्मी असतं एवढं खरं आहे, पण त्रास त्या आम्लानं होत नाही. एका डंखात सुकं विष भरतं साधारण ५० ते १४० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा धरा, आणि ते बहुतेक सगळं प्रोटीन्स आणि पेप्टाइड्सचं (प्रोटीनसारख्याच, पण छोट्या साखळ्या) असतं. हा माल कातडीच्या आत जातो, वरून फासलेला चुना तिथपर्यंत पोचत नाही, उलट ओला चुना कातडी भाजतो. आमच्या गल्लीतल्या एका आजीच्या मनगटावरची डंखाची सूज केव्हाच उतरली, चुन्याचा काळा चट्टा मात्र कितीतरी दिवस तसाच होता.

आता आत काय होतं ते बघा. विषात हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवणारं प्रोटीन) असतं, सुक्या विषाच्या दीड-दोन टक्केच, पण पहिलं काम त्याचं. आपल्या पेशींच्या मधल्या जागेत हायलुरोनिक अ‍ॅसिडचा घट्ट जेलीसारखा थर असतो, हे एन्झाइम तो तोडतं, आणि मग वावराचा बांध फुटल्यावर पाणी जसं पसरतं तसं बाकीचं विष आजूबाजूला पसरत जातं. डंख बोटाला आणि सूज मनगटाला, याचं एक कारण हे.

त्याच्या मागून येतं फॉस्फोलायपेज ए२, आणि माझ्या मते खरी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. विषाचा १० ते १२ टक्के भाग याचा. पेशीचं बाहेरचं आवरण फॉस्फोलिपिडचं बनलेलं असतं, एक डोकं आणि फॅटी अ‍ॅसिडच्या दोन शेपट्या अशी त्याची रचना, हे एन्झाइम नेमकी दुसरी शेपटी कापतं. त्याला चालायला कॅल्शियम लागतं आणि ते आपल्या शरीरातल्या द्रवात असतंच. कापल्यावर दोन गोष्टी होतात. जी शेपटी सुटते ती बऱ्याचदा अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड असते, त्यापासून आपलंच शरीर प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रिन बनवतं, म्हणजे लाली, ठणका, सूज. आणि उरलेला एकशेपटी तुकडा, लायसोफॉस्फोलिपिड, तो डिटर्जंटसारखा वागून आवरण आणखी कमजोर करतो. म्हणजे विष तर थोडंच असतं, सूज बरीचशी आपल्याच शरीराची कमाई असते. एन्झाइम असल्यामुळं एकच रेणू कापत राहतो, कापत राहतो, एकदा वापरून संपत नाही.

याच्या जोडीला मेलिटिन असतं. ते एन्झाइम नाही, २६ अमिनो अ‍ॅसिडचं छोटं पेप्टाइड आहे, पण सुक्या विषाचा ४० ते ५० टक्के भाग तेच. डंख बसताच जी आग होते ती मुख्यतः त्याची. ते आवरणाला भोकं पाडतं, भोकं पडली की फॉस्फोलायपेजला आतली फॉस्फोलिपिडं सापडतात, दोघं मिळून एकेकट्यापेक्षा जास्त नुकसान करतात. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की माशी स्वतः याच्यापासून कशी वाचते. तिच्या ग्रंथीत मेलिटिन आधी प्रोमेलिटिन म्हणून बनतं, पुढं जास्तीची अमिनो अ‍ॅसिडची साखळी चिकटलेली, त्यामुळं निरुपद्रवी. मग डायपेप्टिडिल पेप्टिडेज नावाचं आणखी एक एन्झाइम ती साखळी दोन-दोन अमिनो अ‍ॅसिड करून कापत जातं आणि तेव्हा कुठं खरं मेलिटिन तयार होतं. बाकी अपामिन, एमसीडी पेप्टाइड, हिस्टामिन, अ‍ॅसिड फॉस्फेटेज हेही थोडं थोडं असतं, त्यात आत्ता जात नाही.

गांधीलमाशीचं विष वेगळं बरं का, तिच्यात फॉस्फोलायपेज ए१ असतं आणि तिचा काटा कातडीत सहसा राहत नाही. मधमाशीचा राहतो, कारण त्याला उलटे दात असतात. मागं तुरीच्या कापणीला चुलतभावाच्या पोराला धुऱ्यावर एक माशी चावली, पोट्टं रडत पळत आलं, हात धरून बघितलं तर मनगटाच्या आतल्या बाजूला काटा उभा, त्याच्या टोकाला पांढुरकी पिशवी, आणि माशी केव्हाच गेलेली तरी ती पिशवी आपली आपण आकसत होती, सैल पडत होती, आकसत होती. हीच विष आत ढकलत असते, आणि बहुतेक विष पहिल्या २०-३० सेकंदातच आत जातं. म्हणून चुना, कांदा, लोखंड शोधायला घरात पळू नका, काटा आधी काढा. खरवडून काढायचा, चिमटीत धरायचा नाही असं सांगतात, पण १९९६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की कसा काढला यानं फरक पडत नाही, किती लवकर काढला यानं पडतो. नखानं काढा, चिमटीनं काढा, पण लगेच. मग साबणानं धुवा, बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हेच फॉस्फोलायपेज ए२ मधमाशीच्या विषातलं एक मुख्य अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी उठवणारा पदार्थ, आहे. काही लोकांच्या शरीरात आधीच्या डंखानंतर त्याच्याविरुद्ध आयजीई अँटीबॉडी (अ‍ॅलर्जी भडकवणारी शरीराचीच प्रोटीन्स) तयार होऊन बसतात, आणि पुढच्या वेळी एकच माशी पुरते. अंगभर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, उलटी, चक्कर, हे डंखानंतर काही मिनिटांत चालू झालं तर ती जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. इथं औषध एकच, मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. गावात एव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) देऊन 'बघू तासभर' म्हणतात, ती औषधं नंतर द्या पण अ‍ॅड्रेनॅलिनच्या जागी ती चालत नाहीत. सरळ १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीनं पीएचसी, ग्रामीण रुग्णालय गाठा, पेशंटला झोपवून पाय वर ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, चालवत नेऊ नका.

आग्या मोहोळ उठलं तर प्रकार आणखी वेगळा, तिथं अ‍ॅलर्जी नसली तरी विषाची मात्राच जास्त होते. युरोपीय मधमाशीवरून काढलेला अंदाज असा की वजनाच्या किलोमागे १९ च्या आसपास डंख जिवावर बेतू शकतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साडेनऊशे, पण १५ किलोच्या लेकराला तीनशेपेक्षाही कमी. मेलिटिन आणि फॉस्फोलायपेज मिळून रक्तातल्या तांबड्या पेशी आणि स्नायू फोडतात, तो मलबा किडनीत अडकतो. लघवी लालसर, चहासारखी दिसली किंवा कमी झाली तर माणूस बोलत-चालत असला तरी भरतीच करा, किडनीचा त्रास एक-दोन दिवसांनीसुद्धा पुढं येतो. आणि डंखासोबत आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, पिकल्या केळासारखा वास सुटतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावतो, म्हणून हात झाडत एका जागी उभं राहू नका, तोंड झाकून पळा आणि घरात, गाडीत शिरा. विहिरीत उडी मारू नका, माश्यांपासून वाचून बुडून मरायचं काही कारण नाही.

तुमच्या हाताबद्दल म्हणाल तर, फक्त चावलेल्या बाजूलाच सूज असेल तर ती दोन दिवस वाढते आणि आठवडाभरात उतरते, भीतीचं काही नाही. खाज असेल तर सेटिरिझिन डॉक्टरला विचारून घ्या. पहिल्या दोन दिवसांतली सूज बहुतेक वेळा विषाची असते, इन्फेक्शनची नाही, त्यामुळं अँटिबायोटिकसाठी घाई करू नका. पण त्या वेळी हाताशिवाय दुसरीकडं कुठं गांधी उठल्या होत्या का, छातीत भरून आलं होतं का, हे घरच्यांना नीट विचारा. तसं झालं असेल तर मोठ्या शहरात अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडं जाऊन रक्ताची आयजीई तपासणी करा, शुद्ध विषाचे वाढत्या मात्रेचे इंजेक्शन देऊन ही अ‍ॅलर्जी आटोक्यात आणता येते. आधी त्यासाठी अख्ख्या माश्या कुटून अर्क देत होते, १९७८ च्या अभ्यासात तो अर्क कुचकामी निघाला आणि शुद्ध विष चाललं. तोवर मोहोळाच्या झाडाखाली काम तुम्ही घेऊ नका, दुसऱ्या कोणाला सांगा.