आईचे डोळे चाललेत आणि मी लॅबमध्ये पेशी वाढवतेय

रिसर्च करणारी मुलं माझ्याकडे मन मोकळं करायला आली की फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, मॅडम आमच्या कामाचा कुणाला उपयोग तरी होणारे का. त्यातल्याच एकीबद्दल सांगते, तिला विचारलंय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मूळची सांगलीकडची, हैदराबादला पीएचडीचं चौथं वर्ष. आईला आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोझा. यात डोळ्याच्या पडद्यातल्या अंधारात बघायच्या पेशी आधी मरतात म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते, मग कडेचं दिसेनासं होतं आणि नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं. पोरगी त्याच आजारावर काम करते, स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवता येतात अशा मूळ पेशी, त्यांच्यापासून बशीत इवलासा पडदा वाढवते, दिवसाआड मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलायचा, दिवाळी असली तरी, तयार व्हायला सहा सहा महिने, आणि एकदा बुरशी लागली नि पाच महिन्यांचं सगळं फेकून द्यावं लागलं. त्याच आठवड्यात मामाचा फोन, "डॉक्टर होणारेस ना, मग आईचे डोळे कधी बरे करतेस?" तेव्हापासून घरी फोन करणंच टाळायला लागली.

इथे मी चुकले. मी तिला धीर द्यायला गेले, की आरपीई६५ नावाच्या जीनमधल्या बिघाडामुळे दृष्टी जाणाऱ्यांसाठी अमेरिकेत २०१७ ला जीन थेरपी, म्हणजे जीनची चांगली प्रत पेशींत पोचवायचा उपचार, मंजूर झाली की, तुमच्याच क्षेत्रातलं काम आहे ना. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, ते जीन १९९३ ला सापडलं, मधे कुत्र्यांवर प्रयोग झाले, चोवीस वर्षं लागली. आईचं जीन वेगळंय. आणि आई आत्ताच ५४ ची आहे."

मग मी आशेबद्दल बोलणं सोडलं आणि विचारलं, आई दिवसभर काय करते गं? तिला सांगता येईना. आरपीवरचे शेकडो पेपर वाचलेली मुलगी, पण आईचं दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड काढलेलं नाही, पांढरी काठी नाही, मोबाईलवर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू केलेलं नाही, कारण हे सगळं केलं की आता बरं होणार नाही हे मान्य केल्यासारखं होतं. मला वाटतं तिचा अपराधीपणा तिथे होता, लॅबमध्ये नव्हता.

मीडिया बदलायचं काम मैत्रिणीकडे सोपवून ती आठ दिवस घरी गेली. तिथे कळलं, आई तीन वर्षं दिवेलागणीनंतर बाहेर पडलेली नाही, सगळ्यांना गुडघे दुखतात सांगायची. दोघी खूप रडल्या. मग पायऱ्यांच्या कडांना पिवळी टेप लावली, कार्डाचा फॉर्म भरला, टॉकबॅक शिकवताना मात्र भांडणं झाली.

अजूनही तिचे काही आठवडे वाईट जातात, आम्ही महिन्यातून एकदा बोलतो. मागच्या वेळी सांगत होती, आईला व्हिडिओ कॉलवर बशी दाखवली, आई फोन अगदी डोळ्यासमोर धरून म्हणाली, एवढंसं? हे माझ्या उपयोगाचं नाही ना गं? आणि ती पहिल्यांदा सरळ म्हणाली, नाही आई, तुझ्या नाही. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, बरं, दाखव परत, नीट बघू दे.