लीगमध्ये वर असलेला संघ प्ले-ऑफमध्ये (लीगनंतरच्या बाद फेरीत) हरला तर तो कमकुवत मानायचा का? आणि चाहत्याने सावरायचं कसं?

'कमकुवत' हा शब्द वाचला आणि जेवण अर्धं टाकून लिहायला बसलो.

मी डिचोलीचा. एफसी गोवा या फुटबॉल संघाच्या मागे २०१४ पासून, म्हणजे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) पहिल्या हंगामापासून आहे. त्या वर्षी उपांत्य फेरीत पेनल्टीवर गेलो. २०१५ ला अंतिम सामना आमच्याच फातोर्ड्यात, ८७व्या मिनिटाला २-१ ने पुढे, आणि शेवटची शिट्टी वाजली तेव्हा २-३. २०१९ ला पुन्हा अंतिम सामना, अंधेरीत, जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, राहुल भेकेचं हेडर. मुंबईचाच पोरगा, खेळत होता बंगळुरूकडून. तो सामना मी मेहुण्याशेजारी बसून पाहिला. हा मेहुणा कांदिवलीला राहतो आणि मुंबई सिटीचा कट्टर. खरं तर हे उत्तर त्याच्यासाठीच आहे, तुम्ही फक्त निमित्त.

२४ एप्रिल २०२४. फातोर्डा, उपांत्य फेरीचा पहिला सामना, समोर मुंबई. आमच्या बोरिसने १६व्या मिनिटाला गोल मारला, ब्रँडनने ५६व्या. २-०. माझ्या मागच्या रांगेत एकाने ढोल आणला होता, त्याचे हात थांबत नव्हते. बाहेर जाऊन रस-ऑम्लेट कुठल्या गाड्यावर खायचं यावर आमची चर्चाही सुरू झाली होती. आणि ८९व्या मिनिटाला मला अवदसा आठवली. मी मेहुण्याला फोन लावला.

"काय रे, टीव्ही चालू आहे ना?"

"चालू आहे, भाऊजी."

"तुमचा तो छांगटे आज आलाय की मुंबईलाच राहिला?"

एवढं बोलेपर्यंत छांगटेने गोल मारला. मी म्हटलं, घे बाबा, एक घे, पाहुणा आहेस. वाक्य संपतं न संपतं तोच विक्रम प्रतापने दुसरा घातला. फोन कानाला तसाच. ठेवावा तर तो म्हणणार पळाला, बोलावं तर तोंडातून शब्द फुटेना. पलीकडूनही काही आवाज नाही, फक्त त्याच्या टीव्हीवरचा समालोचक, तोही माझ्या डोळ्यांपेक्षा काही सेकंद मागे. म्हणजे प्रत्येक गोष्ट मला दोनदा भोगावी लागत होती. ९६व्या मिनिटाला पुन्हा छांगटे. २-३. ढोल थांबला. मग पलीकडून अगदी हळू आवाजात:

"भाऊजी, जेवलात का?"

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

परतीच्या सामन्यात मुंबईने २-० ने हरवलं, तो मी पाहिला नाही. पुढे कोलकात्यात अंतिम सामन्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून कपही त्यांनीच नेला. तेव्हापासून मेहुण्याचं पालुपद एकच: लीग काय कोणीही खेळतं, दम कळतो तो बाद फेरीत.

असं? मग २०२२-२३ ला काय झालं होतं? मुंबई सलग १८ सामने अपराजित राहिली, शिल्ड (लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळतं ते) जिंकलं, आणि उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टीवर ८-९ ने बाहेर. तेव्हा हाच गृहस्थ मला सांगत होता की खरा विजेता शिल्डवालाच, बाकी सगळा नशिबाचा खेळ. आम्ही २०१९-२० ला १८ सामन्यांत ३९ गुण घेऊन पहिले आलो. चेन्नईयन २९ गुणांवर चौथे. त्यांच्याकडून उपांत्य फेरीत पहिला सामना १-४ हरलो, घरी ४-२ जिंकलो, एकूण ५-६. दहा गुणांचा फरक दोन संध्याकाळी पुसला गेला. पण त्याच शिल्डमुळे आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब आम्ही झालो. कमकुवत संघाला तिथे कोण बोलावतं?

आता तुमचं सावरण्याचं. दोन दिवस व्हॉट्सॲप उघडू नका, गोलाची क्लिप पुन्हा बघू नका, आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कुणालाही फोन करू नका. मी तरी एवढंच करतो. २०२५ ला उपांत्य फेरीत बंगळुरूविरुद्ध पहिला सामना ०-२ हरून फातोर्ड्यात ८८व्या मिनिटाला एकूण गोलांत बरोबरी साधली, तेव्हा फोन गाडीच्या डिकीत होता. ९२व्या मिनिटाला त्यांच्या छेत्रीने डोकं लावून गोल केलाच. म्हणजे फोनचा दोष नव्हता एवढं सिद्ध झालं.

एक कबूल करतो. २०२३-२४ ला मुंबई लीगमध्येही आमच्या वरच होती, ती दुसरी, आम्ही तिसरे. त्यामुळे तो पराभव माझ्या मुद्द्यात बसत नाही. आणि २-० असताना शेवटच्या सहा-सात मिनिटांत तीन खाल्ले, तर स्पर्धेच्या पद्धतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हे मेहुण्याच्या कानावर जाऊ देऊ नका. चतुर्थीला तो घरी येणार आहे. त्याचं पान कुठे मांडायचं ते मी बायकोला सांगून ठेवलंय: भिंतीवर २०२० च्या शिल्डचा फोटो आहे, बरोबर त्याच्यासमोर.