ताडोबात उघड्या जिप्सीतून फिरताना मोठा प्राणी जवळ आला तर काय करायचं? आम्ही दोघं आणि सोबत सहा वर्षांचा मुलगा आहे, वाघाची भीती वाटते

काहीही करायचं नाही. गप्प बसायचं, उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचे नाहीत आणि गाईड सांगेल ते ऐकायचं. संपलं उत्तर. पण तुम्ही वाघ वाघ एवढंच लिहिलंय आणि गव्याचं नावही नाही, म्हणून लिहायला बसले.

मी चंद्रपूरची. बाबा थर्मलला, म्हणजे औष्णिक वीज केंद्रात होते, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. संध्याकाळी कुणाला बिबट्या दिसला की आया पोरांना हाका मारून घरात घ्यायच्या, सकाळी सगळे परत शाळेत. त्यामुळे जंगलाची भीती नाही पण जंगलात मस्तीही सुचत नाही. सासर पुण्याचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सासरची मंडळी आमच्याकडे आली आणि ताडोबाच्या मोहर्ली गेटची दुपारची सफारी काढली. सासू सासरे, आम्ही दोघं, नणंद आणि नणंदेचे मिस्टर. म्हणजे घरचे जावई, म्हणजे त्यांना कुणी काही बोलायचं नाही.

दोन तास वाघ नाही. भाऊजींची चिडचिड सुरू, एवढे पैसे भरले वगैरे. मग एका वळणावर रस्त्याच्या कडेला एकटा गवा. नर, काळाकुळकुळीत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, आपली रिकामी जिप्सीही जवळपास तेवढीच असते, तेव्हा कोण कोणाला ढकलेल याचा हिशोब तुम्हीच करा. ड्रायव्हरने लांबच गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. गवा आमच्याकडे बघून हळूच वळून आडवा उभा राहिला, मान खाली, नाकातून फुसफुस.

भाऊजी सीटवर उभे. "बघा, घाबरला, तोंड फिरवलं!" आणि त्याने फोटोसाठी इकडे बघावं म्हणून टाळ्या वाजवायला लागले, वर शिट्टी. गाईड दोनदा म्हणाला साहेब बसा. आता हे कुणालाच माहीत नसतं, गवा आडवा उभा राहतो तो घाबरून नाही, आपण केवढे आहोत ते दाखवत असतो. त्यानंतरही समोरच्याला कळलं नाही तर तो येतो. याने दोन पावलं टाकली, खुराने माती उकरली, आणि मी भाऊजींचा शर्ट धरून खाली ओढलं आणि ओरडले, खाली बसा आधी! ड्रायव्हरने रिव्हर्स घेतली. गवा थोडा वेळ बघत राहिला आणि बांबूत शिरला.

रात्री सासूबाई म्हणाल्या, जावयाला ड्रायव्हरसमोर असं ओढतात का. आमरस वाढता वाढता मी सॉरी म्हणाले. माझ्याच माहेरी. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशाला, "आमच्या वहिनी गाईला घाबरतात" हा किस्सा ठरलेला.

नंतर डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता, आठवत असेल. भाऊजी तिथलेच, मोबाईल घेऊन धावले. असे शेकडो लोक मागे लागलेले, गाड्या, आरडाओरडा, तो बिचारा भिंती ओलांडत रक्तबंबाळ, दमलेला, शेवटी बेशुद्ध करून पकडला आणि मेला. त्याच महिन्यात बावधनकडे दुसरा आला तेव्हा लोकांना लांब ठेवलं, तो जंगलात परत गेला. भाऊजींनी यावर आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही.

तर वाघ. उघड्या गाडीत शांत बसलेल्या माणसांकडे तो बहुतेक वेळा लक्षही देत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या वाचता त्या बहुतेक मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला वाकलेल्या गावकऱ्यांच्या असतात, जिप्सीवाल्यांच्या नाही. आणि गावातल्या लोकांना विचारा, ते अस्वलालाही तेवढेच घाबरतात, ते अचानक समोर आलं की थेट तोंडावर येतं.

अर्थात गाडीतही सगळं आलबेल असतं असं नाही. नियम प्राण्यापासून 20 मीटर आणि दोन गाड्यांत 50 मीटरचा आहे, पण वाघ दिसला की गाड्यांची जत्रा होते. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून अडवलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणून ड्रायव्हर जवळ घेऊ का म्हणाला तर तुम्हीच नको म्हणा. टीपच्या आशेने विचारतात, आणि आशा आपणच लावलेली असते.

मुलाचं राहिलंच. त्याला मध्ये बसवा, गेटवरच बाथरूमला नेऊन आणा कारण आत मध्येच कुठेही उतरता येत नाही, टोपी उडाली तर गेली. रडायला लागला तर गाईडला गाडी पुढे घ्यायला सांगा, लाजू नका. पायी कधी गवा समोर आलाच तर झाड मध्ये ठेवून हळूहळू मागे सरकायचं, वाघ असेल तर पाठ न दाखवता, पळायचं नाही. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाईल नेऊ देत नाहीत, ते एक बरंच आहे.

आणि जिप्सीत सहाजण बसतात, तुम्ही तिघं. उरलेले तीन कोण आहेत ते बुकिंगच्या आधी बघून घ्या.