महागडा, वय वाढलेला प्लेमेकर (संघाच्या चाली रचणारा खेळाडू) क्लबने ठेवावा का? ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमधला सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्स हा क्लब बेन हंटला सोडून चुकला का?

सोडलं ते बरोबरच केलं, पण उशिरा. 2023 मध्ये हंटने स्वतःच मोकळं करा म्हटलं होतं, तेव्हा सेंट जॉर्ज इलावाराने नाही म्हटलं. मन उडालेल्या कर्णधाराला करारात बांधून ठेवायचं आणि वर मोठा पगारही द्यायचा, हे मला अजिबात पटलं नाही. एनआरएल या त्यांच्या स्पर्धेत सगळ्या क्लबांना पगाराची एकच कमाल मर्यादा आहे. एकावर जास्त खर्च केला की पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांना पैसे कमी पडतात, आणि ती फळी मागे रेटली गेली की सात नंबरच्याला, म्हणजे प्लेमेकरला, चेंडू मिळेपर्यंत टॅकलवाले अंगावर आलेले असतात. मग लोक म्हणतात, हा संपला.

वय झालं की पाय आधी थकतात, डोकं नाही. 2018 च्या एनआरएल अंतिम सामन्यात प्लेमेकर कूपर क्रॉंक 34 वर्षांचा होता, खांद्याचं हाड मोडलेलं. चेंडूला जेमतेम हात लावत, नुसतं कुणी कुठे उभं राहायचं ते ओरडून सांगत तो खेळला आणि त्याच्या रूस्टर्स क्लबने मेलबर्नला 21-6 हरवलं.

हंट पुढे ब्रिस्बेन क्लबात गेला. तिथे शेजारी दुसरा प्लेमेकर अॅडम रेनॉल्ड्स, मागे फुलबॅक रीस वॉल्श. सगळा भार एकट्यावर नव्हता. 2025 ची अंतिम लढत ब्रिस्बेनने 26-22 जिंकली. म्हणून खेळाडू ठेवायचा तर एकेक वर्षाच्या करारावर, कमी पैशात आणि शेजारी तरुण हाफ (प्लेमेकरच्या जागेचा खेळाडू) तयार करत ठेवावा. लांबचा करार मात्र नको.