प्रयोगशाळेतल्या मेंदू-संशोधनाचा रुग्णाला खरंच उपयोग होतो का?

होतो, नक्कीच होतो. पार्किन्सन्सचंच बघा, म्हणजे हात थरथरतात, हालचाली मंदावतात तो मेंदूचा आजार. १९५७ साली स्वीडनमध्ये शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिलं. या औषधाने मेंदूतलं डोपामिन, म्हणजे पेशींमधले निरोप पोहोचवणारं एक रसायन, संपतं. ससे कान पाडून निपचित पडले. मग एल-डोपा, म्हणजे शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचलं आणि थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात पार्किन्सन्सने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी आढळलं. पुढच्याच वर्षी एल-डोपा रुग्णांना दिलं, तर अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

मात्र या औषधाने लक्षणं कमी होतात, डोपामिन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशींचा ऱ्हास थांबत नाही. हात थरथरू लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, म्हणून आता आजार त्याआधीच ओळखता यावा यासाठी धडपड चालू आहे.